समुद्र कितव्या किलोमीटरला? किनाऱ्यावरची पहिली मॅरेथॉन निवडताना

मुंबई मॅरेथॉनच्या फुलमध्ये, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरच्या पूर्ण मॅरेथॉनमध्ये, मरीन ड्राइव्हवरून दोनदा जावं लागतं. माझ्या पहिल्या फुलला पहिल्यांदा तिथे पोचले तेव्हा पहाटेचे जेमतेम सव्वापाच वाजले होते. मिट्ट काळोख होता आणि समुद्र फक्त कानांना कळत होता. डाव्या हाताला, कठड्यापलीकडे पाणी टेट्रापॉडवर, म्हणजे काठाला रचलेल्या काँक्रीटच्या चारपायी ठोकळ्यांवर, आपटत होतं. दुसऱ्यांदा आले तेव्हा सदतीस-अडतीस किलोमीटर झाले होते. ऊन तापलं होतं, उजव्या हाताला पाणी लखलखत होतं, आणि मी पुढे धावणाऱ्या काकांच्या टाचांवर नजर लावून पावलं मोजत होते. ज्या समुद्रासाठी नाव नोंदवलं, तो दोन्ही वेळा हुकला. मधे सी लिंकवर असताना उजाडलं. दोन्ही बाजूंना पाणी, मागे हळूहळू उजळणारी मुंबई, आणि रस्त्यावर पावलांखेरीज कसलाही आवाज नाही. त्या पाचेक किलोमीटरसाठी मी पुन्हा नाव नोंदवलं.

तेव्हापासून कुणी विचारलं, ‘समुद्राकाठची सगळ्यात सुंदर मॅरेथॉन कोणती?’, की मी उलट विचारते: तुम्ही समुद्राजवळ पोचाल तेव्हा किती वाजलेले असतील, आणि तुमच्या पायांत तोवर किती किलोमीटर असतील? याचं उत्तर काढता आलं की निवड बरीचशी झालीच. हे कसं काढायचं ते पुढे क्रमाने सांगते. दोन-चार १० किलोमीटर आणि निदान एक हाफ मॅरेथॉन, म्हणजे २१.१ किलोमीटर, धावून झालेल्यांसाठी हे लिहिते आहे. हाफ अजून झाली नसेल तर किनाऱ्यावरची हाफच निवडा. पद्धत तीच लागू पडते.

१. नकाशावर पेन्सिल घेऊन बसा

शर्यतीच्या जाहिरातीत एक फोटो असतो. तो बहुतेक वेळा ड्रोनने, दिवसाच्या सर्वांत चांगल्या उजेडात, मार्गाच्या सर्वांत देखण्या जागी काढलेला असतो. तो बाजूला ठेवून रूट मॅप उघडा आणि प्रत्येक किलोमीटरपुढे लिहा: समुद्र दिसतो, दिसत नाही, की फक्त जवळ आहे. ‘जवळ आहे’ हा रकाना महत्त्वाचा. नकाशावर रस्ता निळ्या रंगाला चिकटलेला दिसतो, पण प्रत्यक्षात मधे बंगले, हॉटेलं किंवा माडांची दाट रांग असते. गुगल मॅपवर रस्त्यावरून दिसणारे फोटो उघडून पाहिलं की दहा मिनिटांत खरं चित्र कळतं.

मग घड्याळ लावा. समजा, तुमची फुलची चाल किलोमीटरला ७ मिनिटं आहे आणि शर्यत पहाटे ५ वाजता सुटते. १० किलोमीटर ६.१० ला, २० किलोमीटर ७.२० ला, ३० किलोमीटर ८.३० ला, ३८ किलोमीटर साधारण ९.२५ ला. जानेवारीत मुंबईत सूर्य उगवतो सव्वासातच्या सुमारास. म्हणजे पहिले पंधरा-सोळा किलोमीटर काळोखात आणि शेवटचे दहा उन्हात. समुद्र तुम्हाला मधल्या पट्ट्यात हवा: उजाडलेलं असावं आणि मानही वर असावी.

शर्यतीच्या नावावर विसंबू नका. केपटाउनची टू ओशन्स मॅरेथॉन १९७० पासून होते आणि जगातल्या सुंदर शर्यतींत तिचं नाव हमखास येतं. पण तिची मुख्य शर्यत ५६ किलोमीटरची, म्हणजे अल्ट्रा (मॅरेथॉनहून लांब) आहे. चॅपमन्स पीकचा कड्यात खोदलेला रस्ता त्याच मार्गावर येतो. हाफची नोंदणी करणारे नवखे लोक ‘दोन महासागर’ बघायला जातात आणि डोंगराच्या कुशीतल्या झाडीतून धावून परत येतात, कारण हाफचा मार्ग समुद्राकडे जातच नाही. तो मार्गही देखणा आहे, पण तुम्ही समुद्रासाठी गेला असाल तर फसगत होते. आपल्याकडची गोवा रिव्हर मॅरेथॉन मात्र नावाप्रमाणेच आहे: वास्कोजवळच्या चिखली परिसरात, डिसेंबरात, झुआरीच्या काठाने. गोवा म्हटल्यावर मोकळा समुद्र डोळ्यांसमोर आणून गेलात तर नदी बघून खट्टू व्हाल. नदीसाठीच गेलात तर खूश होऊन याल.

२. जिथे दृश्य भारी, तिथे चढ

किनारे ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. एक सपाट, वाळूचा, शहराने रस्ता बांधून घेतलेला: मरीन ड्राइव्ह, विशाखापट्टणमचा बीच रोड, ऑस्ट्रेलियातला गोल्ड कोस्ट. दुसरा डोंगर थेट पाण्यात उतरलेला. दुसऱ्या प्रकारचेच फोटो भिंतीवर लावावेसे वाटतात. तिथे रस्त्याला काठाने सरळ जाताच येत नाही. प्रत्येक खाडीपाशी खाली उतरायचं आणि पलीकडच्या डोंगरावर पुन्हा चढायचं. रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला जो कुणी गेला असेल त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. वरून दोन्ही पुळणी एकदम दिसतात आणि गाडी थांबवल्याशिवाय राहवत नाही, ते ठिकाण चढाच्या माथ्यावरच आहे.

याचं मला पूर्णपणे माहीत असलेलं मोठं उदाहरण म्हणजे कॅलिफोर्नियातली बिग सर मॅरेथॉन. १९८६ पासून, एप्रिलच्या शेवटच्या रविवारी. बिग सरच्या रेडवूड झाडांतून सुटते आणि हायवे १ ने उत्तरेला कार्मेलपर्यंत जाते. सुरुवातीचे आठेक किलोमीटर झाडीतून, उताराचे. पाय आपोआप पळतात आणि नवखा माणूस इथेच सगळी शिल्लक उडवतो. मग मोकळी कुरणं लागतात, वारा सुरू होतो, आणि सोळाव्या किलोमीटरच्या आसपास हरिकेन पॉइंटचा चढ. पायथ्याशी जपानी ताइको ढोल वाजत असतात. तिथून तीनेक किलोमीटरमध्ये दीडशे मीटरहून जास्त चढायचं, आणि नावात वादळ आहे तसा वारा तोंडावर घेत. माथ्यावरून उतरलं की बरोबर अर्ध्या वाटेवर १९३२ मध्ये बांधलेला बिक्सबी पूल, आणि तिथे काळा सूट घातलेला माणूस ग्रँड पियानो वाजवत बसलेला. हा पियानो पुलाआधीच वाऱ्याबरोबर कानावर येतो.

नवख्याने यातून नोंद करायची ती ही: तिथलं सर्वोच्च दृश्य अर्ध्या वाटेवर, दिवसाच्या उजेडात, भरपूर ताकद शिल्लक असताना येतं. म्हणून चढ मोठा असूनही आखणी धावणाऱ्याच्या बाजूची आहे. पण कार्मेल हायलँड्समधले शेवटचे दहा-बारा किलोमीटर सतत वर-खाली आहेत आणि रस्ता वळणांवर एका बाजूला कललेला. या कलण्याकडे कुणी लक्ष देत नाही. घाटात पाणी निथळून जावं म्हणून रस्त्याला तिरका उतार दिलेला असतो. तासन्‌तास एकाच बाजूने धावलं की एक पाय सतत खालच्या पातळीवर पडतो आणि गुडघ्याची बाहेरची कड बोलायला लागते. आरे-वारेला एकदा मी तीन तास समुद्राच्याच कडेने धावले, केवळ पाणी दिसावं म्हणून. पुढचे दहा दिवस जिना उतरताना डावा गुडघा धरावा लागत होता. आता वाहनं बंद असलेल्या शर्यतीत मी रस्त्याच्या मधोमध, जिथे डांबर सगळ्यात सपाट असतं तिथे धावते.

फ्रान्समधल्या नीस-कान मॅरेथॉनलाही हाच नियम लावून पाहा. नीसचा पहिला भाग अगदी सपाट. अँतीबच्या भूशिराचे चढउतार येतात ते पार उत्तरार्धात. एकूण चढ बिग सरपेक्षा पुष्कळच कमी, तरी येतो कधी ते पाहिलं की नवख्याने विचार करावा. आणि आपल्या घरचा पेडर रोड! तसा तो काही घाट नव्हे. पण परतीच्या वाटेवर पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास आला की तोच चढ सिंहगडासारखा वाटतो. तिथे बाल्कन्यांतून, फुटपाथवरून लोक ओरडत असतात. एका आजींनी माझ्या तळहातावर मीठ लावलेली संत्र्याची फोड ठेवली होती, तिची चव मला आजही आठवते. चढ कोणत्या गर्दीत येतो हेही मोजायला हवं. बिग सरच्या चढावर गर्दी नसते, वारा असतो.

३. ऊन, वारा, दमटपणा

शाळेच्या भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे आठवा. रात्रभर निवलेल्या जमिनीवरून पहाटे समुद्राकडे वाहतात ते मतलई. दिवसा जमीन तापली की समुद्रावरून येतात ते खारे. म्हणून कोकणात जानेवारीच्या पहाटे हवा कोरडी, गार आणि सुखाची असते, आणि ऊन चढलं की चिकट होत जाते. आपल्या किनाऱ्यावरची शर्यत जितकी लवकर सुटेल तितकी तुमच्या फायद्याची. फुल सकाळी साडेसहाला सुटत असेल तर दृश्य कितीही चांगलं असो, पहिल्या वेळी टाळा.

किनारा पूर्वेचा की पश्चिमेचा हेही बघा. विशाखापट्टणमला नौदलाची मॅरेथॉन होते ती बीच रोडवर. चेन्नईचीही समुद्राकडे जाते. तिथे सूर्य समुद्रातून वर येतो. तो क्षण अपूर्व, पण त्यानंतर ऊन आडवं, थेट डोळ्यांत, आणि पाण्यावरून परावर्तित होऊन दुप्पट. टोपी आणि गॉगल हवेतच. पश्चिम किनाऱ्यावर सूर्य इमारतींच्या नाहीतर डोंगराच्या मागून येतो आणि रस्त्याला बराच वेळ सावली राहते. मुंबईच्या धावकांना ही चैन आहे.

दमटपणाचं गणित साधं आहे. घाम आल्याने अंग गार होत नाही, घाम उडून गेल्याने होतं. दमट हवेत तो अंगावरच ओघळतो, शरीर तापत राहतं आणि नाडी वाढते. पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत सराव केलेल्यांना हे मुंबई-चेन्नईत फार जाणवतं. मी पुण्यात ज्या चालीने आरामात धावते, त्यात मुंबईला किलोमीटरमागे वीसेक सेकंद वाढवून धरते आणि तेच वेळापत्रक मनगटावर लिहून नेते. शिवाय ओला कपडा आणि खारट हवा मिळून काखा आणि मांड्या सोलवटतात; व्हॅसलीन सढळ हाताने लावा.

४. शर्यतीच्या आधीचे चार महिने बघा

नवखे लोक शर्यतीच्या दिवशीची हवा बघतात. शर्यत पाच तासांची असते. तिची तयारी चार महिन्यांची, आणि ती तुमच्या गावच्या हवेत होणार असते. कॅलेंडरवर शर्यतीच्या तारखेपासून १६ ते १८ आठवडे मागे मोजा. शेवटचा मोठा लाँग रन, म्हणजे लांब पल्ल्याचा सराव, ३० ते ३२ किलोमीटरचा, शर्यतीच्या तीन आठवडे आधी. त्याआधीच्या दोन महिन्यांतले रविवार सगळ्यात कष्टाचे. ते रविवार कुठे पडतात?

गोल्ड कोस्टची मॅरेथॉन जुलैच्या सुरुवातीला, तिथे हिवाळा, मार्ग सपाट, हवा गार. कागदावर नवख्यासाठी अप्रतिम. पण मोठे लाँग रन येतात एप्रिल-मेमध्ये. नागपूर-अकोल्याच्या माणसाने वैशाखात तीस किलोमीटर धावायचे म्हणजे पहाटे तीनला घराबाहेर पडायचं. महाबळेश्वरच्या आसपास राहणाऱ्याने मात्र बेलाशक जावं. नोव्हेंबरातली नीस-कान घेतली तर सगळे मोठे रविवार पावसात, गणपतीत आणि नवरात्रात. पावसात धावायला मजा येते, पण घरी गणपती असेल तर दीड दिवस तरी धावणं बाजूला राहणार, हे धरूनच आखणी करा. मुंबई जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी: ऑक्टोबरचा उष्मा आणि दिवाळी पार केली की नोव्हेंबर-डिसेंबरचे रविवार सोन्यासारखे. बिग सर एप्रिलअखेर: जानेवारी-फेब्रुवारीची थंडी मिळते. टू ओशन्स ईस्टरच्या आसपास, म्हणजे तेच. महाराष्ट्रात राहणाऱ्याला जानेवारी ते एप्रिलमधली शर्यत सगळ्यात सोयीची, हे माझं ठाम मत आहे.

५. नियमावलीतल्या चार ओळी

कट-ऑफ, म्हणजे किती वेळात संपवायचं, ते आधी वाचा. बिग सरला ६ तास आहेत आणि त्या चढांसह हे थोडे नाहीत, पण फार सैलही नाहीत. हवाईतल्या होनोलुलूला, डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी, वेळेची मर्यादाच नाही. पहाटे पाचला, अंधारात सुटते, डायमंड हेडचा चढ आहे आणि हवा मुंबईसारखी दमट. हळू धावणाऱ्या, चालत-धावत जाणाऱ्या, साठीतल्या माणसांना मी हीच सुचवते. मुंबईकराला तिथली हवा परकी वाटत नाही.

सुरुवात आणि शेवट एकाच जागी आहे का? बिग सरमध्ये नाही. पहाटे चारच्या सुमारास बसने सुरुवातीच्या जागी नेतात आणि तिथे थंडीत, काळोखात ताटकळावं लागतं. टाकून देता येईल असा जुना स्वेटर आणि काहीतरी खायला बरोबर हवंच. घरची माणसं वाटेत उभी राहू शकतात का, हेही याच ओळीत येतं. बंद केलेल्या हायवेवर ती येऊ शकत नाहीत, थेट शेवटालाच भेटतात. सॅन होजेच्या बाजूला मराठी माणसं पुष्कळ आहेत आणि तिथून मॉन्टेरे गाडीने दीड-दोन तासांवर. तुमचं कुणी असेल तर मुक्कामाचा प्रश्न सुटतो.

अंतर तपासा. ग्रेट ओशन रोडवरची मॅरेथॉन, ऑस्ट्रेलियात लॉर्न ते अपोलो बे, मे महिन्यात. ती ४२.१९५ नव्हे, ४४ किलोमीटरची असते. पहिल्या फुलला शेवटचे ते दोन किलोमीटर फार लांब असतात.

प्रवेश कसा मिळतो? बिग सरला सोडत निघते. टू ओशन्सच्या अल्ट्रासाठी आधी ठरावीक वेळात मॅरेथॉन धावल्याचा पुरावा लागतो. आणि मार्ग बदलला तर? कड्याचे रस्ते ढासळतात. बिग सरला २०११ मध्ये दरड कोसळल्याने मार्ग अर्ध्यापर्यंत जाऊन त्याच रस्त्याने परत, असा करावा लागला. टू ओशन्सही चॅपमन्स पीक बंद असताना दुसऱ्या घाटाने गेली आहे. एका विशिष्ट पुलासाठीच हजारो मैल जाणार असाल तर ही शक्यता मनात धरून पैसे भरा.

६. पैसे भरण्याआधी घरच्या किनाऱ्यावर धावून बघा

ही पायरी लोक गाळतात आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. डोंगराळ किनाऱ्यावरची शर्यत मनात असेल तर एक शनिवार-रविवार रत्नागिरीला जा आणि पहाटे आरे-वारेच्या रस्त्यावर १५ किलोमीटर धावा, चढ-उतार दोन्ही. सपाट मनात असेल तर मरीन ड्राइव्हवर नरिमन पॉइंट ते चौपाटी अशा फेऱ्या मारा. काशीद-मुरूडचा रस्ता दोन्हींच्या मधला. उघड्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून, चमकणारी पट्टी लावून.

धावून आल्यावर दोनच गोष्टी लिहून ठेवा: उतरताना मांड्या कशा होत्या, आणि समुद्राकडे बघायला सुचलं का. काही जणांना चढावर हुरूप येतो, काहींना सपाट रस्त्यावर लय सापडते. हे आपलं आपल्यालाच कळतं.

मार्गात पुळणीवरचा भाग असेल तर भरतीचं वेळापत्रकही बघा. ओहोटीची ओली, घट्ट वाळू पळायला बरी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या भरतीत तीच पट्टी पाण्याखाली जाते आणि वरच्या भुसभुशीत वाळूत पोटऱ्यांना गोळे येतात. पहिल्या फुलसाठी वाळूचा मार्ग घेऊच नका.

७. मग ठरवा

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना मी हा क्रम सांगते. पहिल्या वर्षी कोकणातली हाफ. रत्नागिरीला कोकण कोस्टल मॅरेथॉनमध्ये तशी सोय आहे. दुसऱ्या वर्षी मुंबईची फुल. सी लिंकवर एरवी पायी जायला परवानगी नाही. ते पाच किलोमीटर तुमचे होतात ते वर्षातून त्या एकाच सकाळी. बाहेरची शर्यत तिसऱ्या वर्षी. बाहेर जाताना क्रम असा ठेवा: आधी प्रवेश, मग व्हिसा, शेवटी विमान. वेळेतला फरकही मोजा. केपटाउन आपल्या साडेतीनच तास मागे आहे, झोप फार बिघडत नाही. कॅलिफोर्निया एप्रिलमध्ये साडेबारा तास मागे. तिथे सकाळी पावणेसातला शर्यत सुटते तेव्हा तुमच्या शरीराच्या लेखी संध्याकाळचे सव्वासात झालेले असतात. निदान पाच दिवस आधी पोचा.

आदल्या दिवशी बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, हातात असेल. शहर फिरत बसू नका, पण एक काम करा. पेन्सिलने काढलेल्या वेळापत्रकात ३३ वा किलोमीटर किती वाजता येतो ते बघून, त्याच वेळी त्याच जागी दहा मिनिटं उभे राहा. मुंबईत मी शनिवारी सकाळी नऊच्या जरा आधी हाजी अलीपाशी जाऊन उभी राहते. वारा कोणत्या गालावर लागतो, सावली रस्त्याच्या कोणत्या कडेला आहे, पाणी कोणत्या हाताला येईल, एवढं बघते. मग टॅक्सीने घरी, गरम वरणभात, आणि दुपारीच टी-शर्टला बिब लावून ठेवते, चारही पिना.